भिंत उजव्या हाताला

शमुवेल मास्तर कुठेही बसले तरी भिंत उजव्या हाताला घेऊन बसत. चर्चमधला त्यांचा बाक ठरलेला होता, उजव्या टोकाचा, खांदा भिंतीला लागेल असा. कुणाच्या घरी गेले तर मांडलेला पाट उचलून भिंतीकडे सरकवत आणि मगच टेकत. नवख्याला हा विक्षिप्तपणा वाटे. आम्हाला कारण माहीत होतं. त्यांना उजवीकडचं काही दिसत नसे. माणूस, म्हैस, दाराची चौकट, अंगावर येणारी काठी, काहीच नाही. भिंत असली की त्या बाजूने मार येणार नाही, एवढी एक खात्री त्यांना हवी असायची. मार त्यांनी पुष्कळ खाल्ला होता. दिलाही होता, ते लपवलं तर हे चित्र त्यांचं होणार नाही.

आमचं गाव शेवगावपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती आणि तिला लागून मिशनची दोन खोल्यांची शाळा. आसपास दुसरी शाळा नव्हती, म्हणून गावातली कुणब्यांची मुलंही तिथेच येत आणि दाराकडच्या अंगाला वेगळी बसत. खालचे वर्ग माझ्याकडे, वरचे शमुवेल मास्तरांकडे. लढाईच्या आधी त्यांचा आवाज कधी वर्गाबाहेर आला नाही. अक्षर असं, की त्यांनी लिहिलेला फळा पुसणं माझ्या जिवावर येई. मग पलटणीच्या इस्पितळाला लिहिणारा-वाचणारा माणूस हवा झाला आणि ते सिंगापूरला गेले. शहर पडलं, जपान्यांनी आपल्या पलटणी कैद केल्या, आणि त्यानंतर मास्तरांची काही खबर आली नाही. पाळकसाहेब एकदा त्यांच्या बायकोकडे, मार्थाबाईंकडे आले आणि म्हणाले, आता त्यांच्या नावाने एक उपासना घेऊ. बाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"मढं दावा," त्या म्हणाल्या. "मढं दावा, मंग रडते."

लढाई संपल्यावर मास्तर स्वतःच आले. हाडांवर कातडं होतं, आणि डोक्याच्या मागे, डाव्या अंगाला, लिंबू बसेल एवढा खड्डा. महिनाभर ते निजूनच होते. मग एका सोमवारी धुतलेला सदरा घालून शाळेत आले आणि फळ्यावर तारीख लिहिली. तेच अक्षर, तोच वळसा. मला इतका आनंद झाला की बाकीचं काही माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात यायला हवं होतं असं पुष्कळ होतं. ते फळ्यावर लिहीत, पण लिहिलेलं मुलांकडूनच वाचून घेत. शुद्धलेखन तोंडी सांगत. वरून काही कागद आला की "लूकस, तूच बघ रे," म्हणून माझ्याकडे टाकत. क्रमिक पुस्तकं त्यांना लढाईआधीपासून तोंडपाठ होती. पुस्तक हातात धरायचं आणि धडा म्हणायचा. एके दिवशी पोरांनी टेबलावरचं वाचनाचं पुस्तक उचललं आणि तिथे अंकगणित ठेवलं. मास्तरांनी ते उघडलं, गंभीरपणे पान लावलं आणि पावसाळ्याचा धडा वाचायला लागले. ढग दाटून आले होते, मोर नाचू लागले होते. सगळा वर्ग फुटला. सगळ्यात मोठ्याने हसला तो पाटलाच्या भाऊबंदातल्या धोंडिबाचा मुलगा. मास्तरांनी त्याच्याच हातातली पाटी ओढली आणि त्याच्या कपाळावर घातली. पाटीचे दोन तुकडे झाले. लाकडी चौकट त्याच्या गळ्यात राहिली आणि रक्त तिच्यावरून सदऱ्यात उतरलं. मी शेजारच्या खोलीतून धावलो तेव्हा मास्तर दुसरी पाटी उचलत होते.

धोंडिबा दुपारी आला. लोखंडी शेंबी ठोकलेली काठी घेऊन आला आणि शाळेच्या पटांगणात, दोन्ही खोल्यांतली मुलं दारात उभी असताना, त्याने मास्तरांना मारलं. तो उजवीकडून आला. मास्तर पहिला तडाखा बसेपर्यंत समोर बघत उभे होते.

"मास्तर म्हनं! सोताला वाचता येत न्हाई अन् माज्या पोराचं डोस्कं फोडतो? तुला कुनी मास्तर केला रं?"

तो दम खायला थांबला तेव्हा मास्तर गुडघ्यावर होते. ते एवढंच म्हणाले, "खरं आहे तुझं."

संध्याकाळी त्यांच्या पाठीला मी तेल-हळद लावत होतो. वळ मोजवत नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून बोलले.

"लूकस, मला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"लिहिता येतं. लिहिलेलं वाचता येत नाही. मी आत्ता लिहिलं, शाई ओली आहे, तरी ते मला परक्याचं वाटतं. मराठी तशी, इंग्रजी तशी."

माझा विश्वास बसला नाही. मी त्यांना पाटीवर नाव लिहायला लावलं, पाटी पालथी घातली, थोड्या वेळाने पुन्हा पुढे धरली. स्वतःच्या नावाकडे ते असे बघत राहिले, जसा अंगठेबहाद्दर माणूस कोर्टाच्या कागदाकडे बघतो. मग त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर एक आकृती काढली. दोनच रेघा, एकमेकींना टेकून उभ्या.

"हे वाचता येतं. हा माणूस." भोवती त्यांनी चौकोन काढला. "आता हा कैदी. ही चिनी अक्षरं आहेत. ही मला सगळी दिसतात."

त्या रात्रीपासून पुढे, तुकड्यातुकड्याने, सिंगापूरच्या छावणीची हकिगत मला कळली. तिथल्या रसोड्यात एक म्हातारा चिनी आचारी होता. त्यालाही धरूनच आणलं होतं. छावणीभर जपान्यांच्या पाट्या, आणि जपानी लिहितात त्यातही ह्याच चिनी आकृत्या. अमक्या पाटीपलीकडे पाऊल टाकलं की मार. दोन पिंपं शेजारी शेजारी, एकात प्यायचं पाणी, दुसऱ्यात संडास धुण्याचं औषध, दोन्ही नितळ. एकाने तहानेपोटी चुकीच्या पिंपाला तोंड लावलं. तो दोन दिवस ओरडत मेला. त्यानंतर म्हातारा भात वाढताना मास्तरांच्या तळहातावर बोटाने आकृत्या काढू लागला. रोज एक. पाणी. विष. थांब. दार. पाटीकडे आधी बघू देत नसे. दिवसभर मास्तरांनी ती आकृती मांडीवर, मातीत, हवेत बोटाने काढायची, आणि हात चुकेनासा झाला की मग पाटी बघायची.

एकदा म्हाताऱ्याच्या कमरेला बांधलेले तांदूळ सापडले. शिपायांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि त्याला मधे घेतलं. बंदुकीच्या पहिल्या दस्त्याला तो बसला, दुसऱ्याला आडवा झाला. त्यानंतरही ते मारतच राहिले. ओल्या मातीवर दस्ता पडल्यासारखा आवाज यायला लागला तरी. मास्तर गोल सोडून त्याच्या अंगावर जाऊन पडले. पुढचा दस्ता त्यांच्या डोक्यात बसला.

"शुद्धीवर आलो तेव्हा समोर पिंप होतं. त्यावरची आकृती वाचली. पाणी. प्यालो. मला वाटलं, मी वाचलो, डोकं शाबूत आहे." ते हसले. "तिथे मराठीचा कपटा नव्हता. मग कळणार कसं काय गेलं ते? मुंबईला जहाज लागलं, गोदीत पाट्या दिसल्या, आणि मी घाबरलो. म्हटलं, हे भलत्याच देशात आणलं आपल्याला. असली लिपी जन्मात पाहिली नाही. मग खालून एक हमाल दुसऱ्याच्या आईवरून शिव्या देताना ऐकला. तेव्हा म्हटलं, घर आलं."

पाटीच्या प्रकरणाचा बोभाटा मिशनपर्यंत गेला. सुपरिंटेंडेंट साहेब दयाळू होते, पण वाचता न येणारा मास्तर ते ठेवणार कसा? शाळा तपासायला सरकारचे डिपोटीसाहेब येतील, त्यांनी काढून दिलेलं पान मास्तरांनी मुलांसमोर वाचायचं, नाहीतर नोकरी सोडायची आणि शाळेचं घरही, असं ठरलं. मास्तरांना घरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. "नोकरी जाईल," ते मला म्हणाले, "पण मग मी कोण, ते तू मला सांगशील का?"

मी त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवा डोळ्यांत धरला, बोटं नाचवली, पुस्तक दाखवलं, चिनी आकृत्या काढून घेतल्या. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर मेंदूत ज्या वाटेने शब्दाला जाऊन मिळतं, ती वाट त्या घावाने तोडली आहे. उजवीकडची नजरही त्यानेच नेली.

"मग चिनी कशी राहिली?" मी विचारलं.

डॉक्टरांनी मास्तरांच्या मांडीकडे बोट दाखवलं. समोरच्या आकृतीकडे बघताना मास्तरांचं बोट धोतरावर ती गिरवत होतं. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"ती तुम्ही हाताने शिकलात," डॉक्टर म्हणाले. "हाताची वाट शाबूत दिसते. मेंदूत काय कुठे असतं ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण मराठी त्या वाटेने नेऊन बघा."

तिथून मास्तरांच्या घराच्या भिंती काळ्या व्हायला लागल्या. एकेक अक्षर गिरवून वाचायला फार वेळ लागे, म्हणून त्यांनी अख्ख्या शब्दाचीच आकृती करायची ठरवलं. ते म्हणत, चिन्यांचं अक्षर चौकटीत बसतं, आपला शब्द वरच्या रेघेला टांगलेला असतो. रेघ धरायची आणि खालचं सगळं एका दमात काढायचं. दारावर कोळशाने चिनी दार आणि शेजारी मराठी दार. रांजणावर पाणी, चुलीवर विस्तव. येता-जाता बघायचं आणि बोट फिरवायचं. "थांब, बोटाला विचारतो," हे त्यांचं पालुपद झालं. पुढेपुढे ते कशालाही म्हणू लागले. कालवणात मीठ आहे का? थांबा, बोटाला विचारतो. डिपोटी कधी येणार? तेही बोटालाच ठाऊक.

पण हसणं थोडं. शब्द लागला नाही की ते कपाळ भिंतीवर आपटत, रक्त येईपर्यंत. उतरंडीतली मडकी फोडत. एकदा मार्थाबाईंवर हात उगारला. मी दारात होतो. बाईंनी खलातला लोखंडी बत्ता उचलला.

"उचला हात. मी बी उचलते. सिंगापूर हितंच दावते तुमाला."

मास्तरांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि बत्त्याकडे बघून म्हणाले, "ह्यावर शब्द लिहायचा राहिला." बाई शिव्या देत हसायला लागल्या.

घर संपल्यावर ते बाहेर पडले. झाडावर झाड, दगडावर दगड. गावच्या विहिरीला आमच्या वस्तीने हात लावायचा नसे. पण विहिरीबाहेर गुरांचा हौद होता, वाटेवरच. त्याच्या दगडावर मास्तरांनी एके दिवशी कोळशाने पाणी काढलं. चिनी पाणी म्हणजे मधे एक उभी रेघ आणि दोन्ही अंगांना दोन-दोन फाटे. गाव त्यांच्या ह्या रेघोट्यांना हसत होतं, तोवर ठीक होतं. मग गुरांत साथ आली. हौदावर पाणी पिऊन गेलेली जनावरं गोठ्यात जाऊन पडू लागली. धोंडिबाचा एक बैल बाजाराच्या दिवशी सकाळी मेला. दुपारी पंधरा-वीस माणसं मास्तरांना ओढत हौदापाशी घेऊन गेली. मी मागे धावलो. दोघांनी माझे दंड धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत.

"काय काढलंस रं हे?" धोंडिबाने विचारलं.

"पाणी. चिनी भाषेत पाणी असं लिहितात."

"पानी असं असतंय व्हय? आरं, चार पाय फाकून पडलेलं ढोर हाय ते! माजा बैल असाच पडला."

लोक वाकून बघू लागले, आणि ज्याने बघितलं त्याला ढोर दिसलं. मलासुद्धा दिसलं. मधली रेघ पाठीचा कणा, फाटे म्हणजे ताठरलेले पाय. त्यानंतर कुणाला काही सांगून उपयोग नव्हता.

"करनी केली! लई दिस बघतुया, घरात बी हेच काढून ठिवलंय त्यानं."

पहिली काठी उजवीकडून आली. मग दोन्हीकडून आल्या. मास्तर हौदाच्या कडेला धरून उभे राहायला बघत होते, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "हात! त्याचा हात फोडा!" त्यांचा उजवा पंजा हौदाच्या दगडावर, त्या आकृतीवरच, दाबून धरला आणि धोंडा घातला. एकदा नाही. मला पहिल्या धोंड्याची मास्तरांची किंकाळी आठवते. नंतरच्या धोंड्यांना ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. डावा हात त्यांनी मधे घातला, तोही चेचला. मार्थाबाई पोचल्या त्या बत्ता घेऊनच. त्यांनी धोंडा धरणाऱ्याच्या तोंडावर बत्ता घातला. दात हौदात पडले. दुसऱ्याचं कोपर मोडलं. "या रं! करनी बघायची ना? या, दावते!" त्यांचा पदर सुटला होता, केस सुटले होते, आणि पंधरा-वीस माणसं एका बाईपुढून मागे सरली. नुसत्या बत्त्याला ती भ्याली नसती. पण हिच्या अंगात खरंच काही आलंय असं त्यांना वाटलं असावं.

फौजदार आला. माझी जबानी घेतली. तिचं पुढे काही झालं नाही.

नगरला डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली. ज्याने ते वाचत, ते पहिलं बोट त्यातलं एक होतं. उरलेला पंजा फळ्यांत बांधून गळ्यात अडकवला. डावा हात सुजून भाकरीएवढा झाला होता. घरी आणल्यावर मास्तर आढ्याकडे बघत पडून राहत. मी पुस्तक घेऊन गेलो तर मान फिरवत, आणि मान फिरवली की भिंत.

तपासणी जवळ आली तेव्हा मी राजीनाम्याचा मजकूर तयार करून त्यांच्याकडे गेलो. मास्तर चुलीजवळ पाटावर बसले होते, खाली मान घालून. मार्थाबाई भाकरी थापत होत्या.

"अवं, पाय काय खाजवताय त्या राखंत?"

"गप. वाचतोय."

आम्ही दोघांनी बघितलं. चुलीवर लिहिलेल्या शब्दाकडे त्यांची नजर होती आणि उजव्या पायाचा अंगठा राखेत फिरत होता. वि. स्त. व. वेडंवाकडं, मोठं, पण तेच. बाईंनी पिठाचा हात कपाळाला लावला.

"आता बोटाला न्हाई, आंगठ्याला इचारा," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून धूर डोळ्यांत गेल्यासारखं करू लागल्या. मी राजीनामा चुलीत घातला.

डिपोटीसाहेब घोड्यावरून आले. शाळेच्या दारात सगळ्यांनी वहाणा काढायच्या ही आमची रीत. साहेबांनी बूट ठेवले, मास्तर अनवाणी होते. साहेब टेबलामागे खुर्चीवर बसले, मास्तर टेबलाच्या अलीकडे, मुलांना समोर ठेवून, भिंत उजव्या हाताला घेऊन उभे राहिले. मी पुस्तक धरलं, कारण त्यांचे दोन्ही हात अजून कामाचे नव्हते. साहेबांनी मधलंच एक पान काढून दिलं, वरच्या इयत्तेचं, मास्तरांनी कधी न शिकवलेलं. उंटावरचा धडा होता.

मास्तरांनी पहिल्या शब्दाची रेघ नजरेने धरली. मग मास्तर म्हणाले, "उंट." थांबले. "उंट हा." पुन्हा थांबले. घाम त्यांच्या हनुवटीवरून हाताला बांधलेल्या फळ्यांवर पडत होता. "उंट हा वाळवंटात."

साहेबांनी खडू टेबलावर आपटला. "मास्तर, इतकं सावकाश?"

"लांबून वाचतोय, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांना मास्तरांची पाठ आणि मान दिसत होती. पाय टेबलाआड होते. मुलं जमिनीवर बसलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर तो पायच होता. सारवलेल्या जमिनीवर खडूच्या धुळीत अंगठा शब्दामागून शब्द काढत होता. मी मुलांकडे पाहिलं. आता कुणीतरी हसून फुटणार, असं मला वाटलं. दाराकडच्या अंगाला धोंडिबाचा मुलगा होता, कपाळावर ती खूण घेऊन. कुणी हसलं नाही. कुणी खोकललं नाही. उंटाने वाळवंट ओलांडेपर्यंत तो अख्खा वर्ग मास्तरांच्या अंगठ्याबरोबर वाचत बसला होता.

पान संपलं आणि मास्तर साहेबांकडे वळले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मास्तरांच्या गळ्यातला हात पाहिला, आणि एका वर्षाची मुदत दिली. "वेग वाढवा," ते म्हणाले.

वेग वाढला असता. पण डोक्यातल्या त्या जुन्या खड्ड्याने की हौदावरच्या काठ्यांनी, कोण जाणे, त्यांना झटके यायला लागले. वर्गात उभे असताना आडवे होत, टाचा आपटत, दातांनी जीभ फाडून घेत. मुलं आता सरावाने त्यांच्या डोक्याखाली दप्तर सरकवत. दिवाळीनंतर एका सकाळी झटक्यामागून झटका आला आणि थांबेना. दुपारी जरा उतार पडल्यावर त्यांना नगरच्या दवाखान्यात न्यायला आम्ही गाडी जोडली. त्यांना चाऱ्यावर आडवं घातलं, डोकं बैलांकडे, मार्थाबाईंच्या मांडीवर. उंच माणूस, पाय मागून बाहेर लोंबत राहिले. मला शाळा उघडी ठेवायची होती, म्हणून मी मागे राहिलो.

गाडी शाळेवरून निघाली. त्यांचे डोळे उघडे होते, पण ओळख पटल्यासारखे दिसत नव्हते. दारावर शाळेच्या नावाची पाटी, लढाईआधी त्यांनीच रंगवलेली. गाडी तिच्यासमोरून जाताना त्यांची मान थोडी वळली. आणि मी पाहिलं, लोंबणाऱ्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. पहिला शब्द पुरा झाला. दुसरा सुरू झाला. गाडीवान घाईत होता. बैलांना त्याने हाक दिली, गाडी वळणावर गेली आणि बाभळींनी पाटी झाकली. अंगठा अर्ध्या अक्षरावर थांबला, आणि दिसेनासा होईपर्यंत तसाच उचललेला राहिला.